तलवारीला बोली, पुस्तकाला वजनकाटा

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहिबसुभा पहिले रघूजी भोसले यांची ती तलवार. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. वाहतूक, विमा आदी खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये पडले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली. समारंभपूर्वक स्वागत झाले, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि ‘वारसा परत आला’ असे म्हणून महाराष्ट्र समाधान पावला. या दुधात मिठाचा खडा टाकण्याचा आमचा हेतू नाही. तलवार परत आली हे चांगलेच झाले. परंतु त्या दिवसांत ‘वारसा’ हा शब्द ज्या सढळपणे उधळला गेला, त्या सढळपणाचा हिशेब मागण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकांना आहे, असे आम्ही मानतो.

कारण याच महाराष्ट्रात आणखी एक लिलाव वर्षानुवर्षे चालू आहे. त्याची बातमी होत नाही. त्यात हातोडा नसतो, वजनकाटा असतो. शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांतील, गावोगावच्या वाचनालयांतील आणि दिवंगत शिक्षकांच्या घरांतील पुस्तकांचा हा लिलाव. आम्ही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मराठी शिकवणारी माणसे आहोत. लंडनचा लिलाव आम्ही वर्तमानपत्रात वाचला. हा दुसरा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जी वस्तू मिरवता येते तिला आपण वारसा म्हणतो आणि जी वाचावी लागते तिला रद्दी. हा निवाडा बाजाराने दिलेला नाही. तो विद्येच्या नावाने पगार घेणाऱ्या वर्गाने दिलेला आहे.

प्रथम लिलाव या शब्दाविषयी. मराठी मनात या शब्दाला जप्तीचा वास आहे. घराण्याला उतरती कळा लागली, सावकाराचे देणे थकले, भांडीकुंडी वेशीवर आली, की मग लिलाव. त्यामुळे थोरांच्या वस्तू लिलावात निघाल्याचे कळताच आपली पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये महात्मा गांधींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला, तेव्हा देशभर असाच संताप उसळला. विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरची बोली लावून त्या वस्तू घेतल्या आणि संताप एका दिवसात अभिमानात रूपांतरित झाला. पुढे जुलै २०१२ मध्ये गांधीजी आणि हर्मन कॅलनबाख यांच्याशी संबंधित पत्रे व कागदपत्रे सदबीजच्या लिलावात निघणार होती. भारत सरकारने लिलावापूर्वीच सुमारे ७ लाख पौंडांना तो संग्रह विकत घेतला आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवला. गांधींचे दक्षिण आफ्रिकेतील जीवन समजून घेण्यासाठी चष्मा उपयोगी की पत्रे, याचे उत्तर शाळकरी मूलही देईल. तरीही लोकांच्या स्मरणात चष्मा राहिला. पत्रांची खरेदी अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाच्या ध्यानात नाही. स्वतः गांधींच्या बाबतीत जर आपली निवड अशी, तर बाकीच्यांची काय कथा?

लिलावगृह हा काही धर्मादाय व्यवहार नव्हे. तेथे नफा हेच दैवत. वासाहतिक लुटीचा माल या हातातून त्या हातात जाताना त्या व्यवहाराला प्रतिष्ठा देण्याचे कामही या गृहांनी केले आहे. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट नाकारता येत नाही. लिलावात निघालेल्या वस्तूचे वर्णन केले जाते. ती काय आहे, केव्हाची आहे, किती लांब-रुंद आहे, कोठे मोडली वा जोडली आहे, पूर्वी कोणाकोणाच्या हातात होती, हे सर्व छापून जाहीर करावे लागते. रघूजींच्या तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि त्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांत मालकाचे नाव आहे, ही माहिती आपल्यापर्यंत आली ती अशाच वर्णनामुळे. अठराव्या शतकातला मराठा सरदार, हातात युरोपीय पाते आणि त्यावर नागरी अक्षरे : केवढा इतिहास या एका वर्णनात सामावला आहे! लिलावगृहाने हे नफ्यासाठी केले. आपल्या ग्रंथालयांनी प्रेमापोटी तरी एवढे केले आहे काय?

वर्णनाचे मोल काय असते, हे कळण्यासाठी शिरूरकरांना लंडनला जाण्याची गरज नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती येथे उजेडात आणली. घरे, धान्याच्या कणग्या, कुंभांतून केलेली दफने यांच्या आधारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याचे जीवन पुन्हा उभे राहिले. ते कशाच्या बळावर? खापराच्या तुकड्याच्या बळावर. पण नुसत्या तुकड्याच्या नव्हे. तो कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडला, या नोंदीच्या बळावर. थरातून उपटून काढलेले खापर मुके असते. ते सुंदर असेल तर दिवाणखान्यात शोभेल, पण बोलणार नाही. पुस्तकाचेही तसेच आहे. ते कोणत्या छापखान्यात छापले, कोणी कोणाला भेट दिले, कोणत्या वाचनालयाचा शिक्का त्यावर आहे, समासात कोणी पेन्सिलीने काय लिहिले, हा त्या पुस्तकाचा थर. इनामगावच्या फुटक्या खापराला क्रमांक आहे. आणि त्याच तालुक्यातल्या शंभर वर्षांच्या पुस्तकाला तो नाही.

आता त्या दुसऱ्या लिलावाकडे येऊ. शासकीय मराठीत त्याला ‘निर्लेखन’ म्हणतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जागा उरत नाही, नॅकची समिती येणार असते, कपाटे नीटनेटकी दिसायला हवी असतात. ग्रंथालय समितीची सभा होते. ‘जीर्ण, वापरात नसलेली, कालबाह्य’ पुस्तकांची यादी ठेवली जाते. यादीत दाखल क्रमांक, नाव आणि किंमत एवढेच रकाने. प्रकाशनवर्षाचा रकाना असला तरी बहुधा कोराच. ठराव मंजूर होतो, रद्दीवाल्यांकडून दरपत्रके मागवली जातात, सर्वांत चढा दर देणाऱ्याला माल मिळतो. काटेकोर, नियमशुद्ध लिलाव! लेखापरीक्षकाला आक्षेप घेण्यास जागा नाही. कारण दाखल नोंदवहीत पुस्तकाची किंमत सव्वा रुपया लिहिलेली असते. म्हणजे संस्थेचे नुकसान फार तर सव्वा रुपयाचे. उलट वजनावर चार पैसे जास्तच आले!

अशा एका निर्लेखनात, जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत आम्हांला ‘विविधज्ञानविस्तारा’चे बांधीव अंक दिसले. १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चाललेले हे मासिक. मराठी समीक्षेचा, भाषाविचाराचा आणि इतिहासचर्चेचा पाया ज्या नियतकालिकांत घातला गेला, त्यांतले हे एक अग्रगण्य. आम्ही चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, “दहा वर्षांत एकदाही कोणी नेलेले नाहीत, सर.” उत्तर खरे होते, आणि तेच अधिक भयंकर आहे. त्या दहा वर्षांत त्याच महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गांना ‘मराठी समीक्षेचा विकास’ शिकवला गेला होता. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांत ‘विविधज्ञानविस्तारा’चे योगदान पाच मुद्द्यांत लिहून गुण मिळवले होते. मुद्दे मार्गदर्शकातून आले. अंक काट्यावर गेले. या दोन घटनांत विसंगती आहे, असे त्या इमारतीत कोणाला वाटले नाही.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयी एक लक्षणीय तरतूद आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानावे, असे तो नियम म्हणतो; मात्र हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा दुर्मीळ ग्रंथ, मग त्याची किंमत काहीही असो, गहाळ झाला तर चौकशी झालीच पाहिजे. म्हणजे दुर्मिळता आणि छापील किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नियम करणाऱ्या कारकुनी बुद्धीलाही कळते. पण दुर्मीळ कोणते हे ठरवायचे कोणी? ते ठरवण्यासाठी त्या विषयाचा जाणकार लागतो, आणि तो ग्रंथालय समितीवर पदसिद्ध सभासद म्हणून बसलेलाच असतो. तो यादी न वाचता सही करतो. ज्या पुस्तकाची चोरी झाली असती तर चौकशी बसली असती, ते पुस्तक तो स्वतःच्या सहीने काट्यावर घालतो.

येथे कोणी म्हणेल की छापील पुस्तकाची कसली काळजी? प्रती हजार निघतात, एक गेली तर दुसरी कोठेतरी असेलच. या ‘कोठेतरी’ शब्दावर मराठी ग्रंथसंस्कृती आजवर झोपलेली आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. मराठीतला हा आद्य मुद्रित ग्रंथांपैकी एक. आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत ज्ञात नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी तो पुन्हा छापला तो हस्तलिखितांच्या आधारे, आणि देवनागरीतले एक महत्त्वाचे हस्तलिखित आज लंडनमध्ये आहे. तीनदा छापलेला ग्रंथ छापील रूपात समूळ नाहीसा झाला. तो टिकला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे आणि परदेशी नेणाऱ्या संग्राहकांमुळे. ‘कोठेतरी असेलच’ म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणापुढे थोडा वेळ थांबावे.

पुन्हा रघूजींच्या तलवारीकडे वळतो. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या मिशन छापखान्यातून १८१६ च्या सुमारास ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ नावाचे पुस्तक मोडी लिपीत छापले गेले. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेच्या काळातले हे पुस्तक. ज्या घराण्याची तलवार परत आणल्याबद्दल महाराष्ट्राने जल्लोष केला, त्याच घराण्याची वंशावळ सांगणारे हे पुस्तक मराठीतल्या आद्य छापील गद्यग्रंथांत मोडते. त्या जल्लोषाच्या आठवड्यांत या पुस्तकाची आठवण काढणारा एक तरी शब्द आम्ही वाचावा, अशी आमची फार इच्छा होती. तो वाचनात आला नाही. तलवार म्यानातून काढून दाखवता येते. मोडी छपाईचे पुस्तक उघडून दाखवले तर वाचणार कोण? पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत गावच्या कुलकर्ण्याला आणि पेढीवरच्या मुनिमाला सहज वाचता येणारी लिपी आज मराठीच्या पदव्युत्तर पदवीधराला परकी आहे. सात समुद्रांपलीकडची तलवार आपण परत आणली, हातातली लिपी मात्र हरवली.

हा केवळ एका तलवारीचा प्रश्न नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ३० कोटींहून अधिक रुपये मोजून विकत घेतले. ते घ्यायलाच हवे होते. पण त्याच शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांच्या छपाईसाठी घेतलेला ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद गोदामात पडून असल्याची बातमी ‘लोकसत्ता’ने २०२१ मध्ये दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाला त्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्यांनी आयुष्यभर पुस्तके जमवली, वाचली आणि लिहिली, त्यांच्या निवासाचे स्मारक तत्परतेने झाले. त्यांचे लेखन छापण्यासाठी न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. वस्तू आधी आणि शब्द मागाहून, हा क्रम योगायोगाचा नाही. परक्या सरकारचे उदाहरण देताना संकोच वाटतो, परंतु शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेली तुकारामांची गाथा १८६९ पासून प्रसिद्ध झाली ती मुंबई सरकारने दिलेल्या २४ हजार रुपयांच्या साह्याने. त्या सरकारने तुकोबांचे टाळ विकत घेतले नाहीत, अभंग छापले.

आमच्या परिसरात काय आहे, असे कोणी विचारील. शिरूर म्हणजे घोडनदी, एकेकाळची कंपनी सरकारची छावणी. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईत लढलेली फलटण येथूनच निघाली होती. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, पाबळला मस्तानीची कबर. केंदूर हे कान्हो पाठकांचे गाव. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी वग, लावण्या, गीते लिहिली. २०२१ साली ते गेले. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. देशभरातून आलेली कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा भूमीत वारकऱ्यांच्या घरी अभंगांची बाडे, फडांच्या पेटाऱ्यांत वगांच्या वह्या, वाड्यांच्या माळ्यावर मोडी दप्तरे, जुन्या शाळांत हस्तलिखित मासिके असणारच. किती आहेत, कोणाकडे आहेत, याची यादी कोठे मिळेल? आमच्या माहितीतल्या एकाही महाविद्यालयात ती मिळत नाही. मस्तानीच्या कबरीला जाणाऱ्या सहली निघतात. पाबळ-केंदूरच्या बाडांची यादी करायला कोणी निघत नाही. समाधीला हार घालता येतो, बाडाला वाळवीची पूड झटकावी लागते.

असे काम अशक्य असते तर गोष्ट वेगळी. पण महाराष्ट्रानेच ते करून दाखवले आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव वणवण करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली. १८९८ मध्ये पहिला खंड निघाला, एकूण बावीस झाले. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती सिद्ध करून १९४३ साली प्रसिद्ध केली. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा हजारो वस्तू पदरमोड करून जमवल्या आणि तो संपूर्ण संग्रह राज्याला देऊन टाकला. १८६७ पूर्वीच्या मराठी मुद्रितांना ‘दोलामुद्रिते’ असे सुंदर नाव देऊन त्यांची यादी करणारे अभ्यासक याच भाषेत होऊन गेले. यांपैकी कोणाकडे संगणक नव्हता, अनुदान नव्हते, वेतन आयोग तर नव्हताच. आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली, ती करणारेही वारशाचेच नाव घेत होते. वारशाच्या नावाने जयघोष करणे आणि वारशाची यादी करणे, या दोन भिन्न वृत्ती आहेत. पहिली वाढली की दुसरी आपोआप वाढते, हा भ्रम त्या दिवशीच फिटायला हवा होता.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा : पुस्तकांना बाजारभाव आला की चोऱ्या वाढतील, ज्ञान धनिकांच्या तिजोरीत जाईल. भीती खोटी नाही. पण चित्रकलेचे काय झाले ते पाहा. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे २००१ साली जवळपास विस्मृतीत गेले. १९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीजने मुंबईत घेतलेल्या भारतातील पहिल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले. त्यानंतर त्यांचे चित्र कोणी अडगळीत टाकील काय? किंमत आली तशी नक्कल आली, सट्टाही आला. पण त्याचबरोबर प्रत्येक चित्राची नोंद, छायाचित्र, मालकीपरंपरा, डागडुजी हेही आले. आम्ही बाजाराची आरती ओवाळत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या समाजात विद्वान आपले काम करीत नाहीत तेथे निदान व्यापारी तरी वस्तू जपतो. मराठी पुस्तकाच्या नशिबी दोघेही नाहीत. चोरीच्या भीतीवर उपाय नोंद हाच आहे. ज्याची यादीच नाही, त्याची चोरी सिद्ध कशी करणार? १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात ऐतिहासिक, वाङ्मयीन महत्त्वाच्या पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पुरावस्तूचा दर्जा दिलेला आहे. त्यांच्या निर्यातीवर बंधने आहेत. पण कायदा सीमेवर उभा आहे. गावच्या रद्दीच्या दुकानात तो येत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा : सर्व स्कॅन करून टाका, प्रश्न मिटला. स्कॅनिंग जरूर व्हावे, विद्यार्थ्याला घरबसल्या जुने ग्रंथ मिळावेत, यासारखा आनंद नाही. पण स्कॅन करायचे काय, हे ठरवायला आधी यादीच लागते. शिवाय यंत्राला जी प्रत द्यावी ती एकच उतरते. दुसऱ्या प्रतीच्या समासातली टिपणे, तिसऱ्या प्रतीवरची लेखकाची स्वाक्षरी, चौथीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेले जुने वर्तमानपत्र यांचे काय? आणि ‘आता स्कॅन झाले’ हे कारण देऊन मूळ प्रती निर्लेखनात जाण्याची वाट मोकळी होते, तिचे काय? छायाचित्र काढले म्हणून कोणी आजोबांना घराबाहेर काढीत नाही.

म्हणून आमच्या मागण्या भव्य नाहीत. त्यांना कोटींची गरज नाही, पण लाज वाटण्याची क्षमता लागते. पहिली : १९५० पूर्वी छापलेले कोणतेही मराठी पुस्तक वा नियतकालिक वजनावर विकले जाऊ नये. ते काढायचेच असेल तर प्रकाशनवर्ष, छापखाना, शिक्के, स्वाक्षऱ्या यांसह त्याची यादी महिनाभर आधी जाहीर व्हावी, मराठी विभागाचे लेखी मत घ्यावे, आणि मुंबई-ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या संस्थांना ते प्रथम देऊ करावे. दुसरी : एम.ए.च्या अभ्यासक्रमात आता संशोधन प्रकल्प आहे. प्रकल्पासाठी त्याच त्या चार कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर शंभर पाने उतरवून काढण्याऐवजी एका गावातल्या हस्तलिखितांची व जुन्या पुस्तकांची वर्णनात्मक सूची करण्यास पूर्ण गुणांची मान्यता मिळावी. दोन तालुक्यांची नोंद पाच-सहा वर्षांत पुरी होईल, आणि विद्यार्थ्याला कागद हातात धरणे म्हणजे काय ते कळेल. तिसरी : मोडी ही हौसेच्या सुटीतल्या वर्गापुरती न ठेवता मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासाचा आवश्यक भाग व्हावी. पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसायांनी पंचेचाळीस खंड निवडून छापले, त्यानंतरही तेथे जे उरले आहे त्याला वाचक पुरवण्याचे काम मराठी विभागांचे नाही, तर कोणाचे?

यावर आमचेच सहकारी म्हणतील की प्राध्यापकाला वेळ कोठे आहे. अहवाल, समित्या, निवडणुकीची कामे, तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची तर पोटाचीच विवंचना. शेवटचे आम्ही पूर्णपणे मान्य करतो. अर्धपोटी माणसाकडून संस्कृतिरक्षणाची अपेक्षा करणे हा निर्लज्जपणा आहे. पण जे पूर्ण वेतनावर आहेत, ज्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येवर बढत्या ठरतात, त्यांना वेळेची सबब शोभत नाही. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ती वाचायला एक दुपार पुरते.

चौथी मागणी शासनाकडे आहे. यापुढे महाराष्ट्र शासन परदेशी लिलावातून जी वस्तू घेईल, तिच्याबरोबर त्या वस्तूशी संबंधित एक तरी ग्रंथ वा दप्तर संपादित करून छापण्याची तरतूद त्याच निर्णयात असावी. प्रारंभ रघूजींच्या तलवारीपासूनच करता येईल. श्रीरामपूरच्या त्या मोडी वंशावळीची देवनागरी लिप्यंतरासह, टीपांसह, भाषेच्या अभ्यासासह एक चांगली आवृत्ती काढावी आणि तलवारीशेजारी ठेवावी. तलवार पाहायला आलेल्या शंभरांतल्या एकाने जरी ते पुस्तक उघडले, तरी ४७ लाख १५ हजार रुपये खऱ्या अर्थाने वसूल होतील. आणि ते पुस्तक कोणीच उघडले नाही, तर मग वारसा परत आला असे म्हणू नये. लोखंड परत आले, एवढेच म्हणावे.